पेवातला कंदील

हरिपूरला सोनाक्का चौगुल्यांच्या अंगणात त्या दिवशी सकाळी पेव उघडलं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. खाली पंधरा-सोळा हात खोल आणि ऐसपैस, पण तोंड एवढंसं, की भरल्या अंगाच्या माणसानं आत उतरायचा विचारही करू नये. पूर्वी ह्यात हळद भरायची, वर माती लोटायची आणि दोन-तीन वर्षं निवांत राहायचं. महापुरात गावातली बरीच पेवं बुजली. सोनाक्कांनी आपलं एक मात्र हट्टानं पुन्हा उकरून घेतलं होतं.

आता त्यात हळद नव्हती. मोटारींच्या चाळीस थकलेल्या बॅटऱ्या होत्या. तीन महिन्यांपूर्वी खाली उतरवलेल्या. त्यांचे मालक, म्हणजे नऊ रिक्षावाले, काही टॅक्सीवाले आणि हायब्रीड गाडीचे एक मास्तर, बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळावं तसे फाटकाशी उभे होते.

"मॅडम, खाली नुसतं ठेवून झालं काय नेमकं?" एका टॅक्सीवाल्यानं विचारलं.

मॅडम म्हणजे अवनी दातार. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीनं पुण्याहून पाठवलेली इंजिनिअर. पोरगी हुशार होती, बोलायचीही सरळ.

"ही खारी बॅटरी," ती म्हणाली. "मिठातलं सोडियम आणि उसाच्या चिपाडाचा कोळसा. तीन वर्षं रस्त्यावर धावली की आतल्या थरांना केसाएवढ्या भेगा पडतात, मग गाडी निम्म्याच वाटेत दम टाकते. पण ह्यातलं नवं रसायन असं आहे, की नव्वद दिवस एकसारख्या तापमानात, न हलवता ठेवलं तर भेगा आपोआप सांधतात. पुण्यात आम्ही त्यासाठी चोवीस तास एसी चालवतो. बॅटरी वाचते, पण वीज एसीच खाऊन टाकतो. पेवात बाराही महिने तापमान जवळजवळ सारखंच असतं."

"एवढं कळायला कितवीपर्यंत शिकलीस गं?" सोनाक्कांनी विचारलं.

"एम. टेक., आक्का."

"मी दुसरी. माझ्या आजेसासऱ्यांनी तर शाळाच बघितली न्हवती. आन् ही जागा त्यांनीच खणलीया."

रिक्षावाले हसले. अवनीही हसली आणि आपल्या पेटीतून लांब दोरीला बांधलेलं एक यंत्र काढायला लागली.

उतरणार होता बाबालाल मुजावर. साठीचा, काटक, खांद्याचं हाड न् हाड दिसणारा. त्याचा बापही ह्याच पेवात उतरायचा. बंद पेवातली हवा मरते, डोळ्यांना दिसत नाही आणि माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. एकदा घाईत पेव उघडलं, बाप उतरला, तो परत वर चढला नाही. सोनाक्का तेव्हा लग्न होऊन आलेली एकोणीस वर्षांची सून. त्या दिवशी चार मोठ्या माणसांसमोर तिनं डोक्यावरचा पदरही न सावरता सांगितलं होतं, आधी कंदील उतरेल, मग माणूस. कंदील तळाशी जळत राहिला तर हवा जिवंत. मंदावला, विझला, तर त्या दिवशी कुणी उतरायचं नाही. तेव्हापासून ह्या अंगणात कुणी मेलं नव्हतं. ह्याचा सोनाक्कांना अभिमान होता, आणि तो त्या लपवत नसत.

अवनीनं यंत्र पेवाच्या तोंडातून आत लोंबवलं. काटा हिरव्यात उभा राहिला.

"प्राणवायू भरपूर आहे. बाबालालभाई, उतरायला हरकत नाही."

"हरकत हाय का न्हाई ते मी सांगणार," सोनाक्का म्हणाल्या. त्यांनी कंदील आधीच पेटवून ठेवला होता. "बाबालाल, कंबरेचा दोर सोडू नगंस. थांब तिथंच."

अवनीला फोन आला म्हणून ती जरा बाजूला वळली. सोनाक्कांनी कंदील आत सोडला. एक हात, दोन हात, तीन. पन्नास वर्षं मनगटाला ठाऊक असलेला दोर.

अवनीनं मागे वळून पाहिलं आणि ती किंचाळली, "आक्का! बॅटऱ्यांजवळ ज्योत नको! वर घ्या!"

आता आपल्याच अंगणात, चारचौघांत, कालच्या पोरीनं ओरडावं आणि सोनाक्कांनी ऐकावं, हे व्हायचं नव्हतं. त्यांनी आणखी एक हात दोर सोडला. पाचव्या हाताला त्या थबकल्या.

ज्योत वाढत होती.

पन्नास वर्षांत त्यांनी ज्योत मंदावताना पाहिली होती, धुरकटताना पाहिली होती. खाली जाता जाता उंच होणारी ज्योत कधीच पाहिली नव्हती. काचेच्या आत ती लांब, बारीक झाली आणि तिच्याभोवती निळसर टोपी चढली. त्याच वेळी नाकाला वास लागला. गोडसर. बायका नखांना लावतात त्या रंगाच्या वासासारखा.

"बाबालाल, माग हो. आख्ख्या अंगणानं माग व्हा!"

दोर त्यांनी हिसडला नाही. एकेक हात, अगदी हळू वर घेतला. कंदील काठाशी आल्यावर तो लांब नेऊन मगच त्यांनी फुंकर घातली.

अवनी धावत जवळ आली. "एखादी बॅटरी फुटलीय. आतला द्रव झिरपून त्याची वाफ झाली. ती हवेपेक्षा जड असते, तळाशी बसते, आणि पेटते. अजून चार हात गेला असता तर..."

"तर मी बी गेले असते. कळलं." सोनाक्का काठावर बसल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "आन् तुझं यंत्र? त्यानं तर बाबालालला खाली पाठवलं हुतं."

अवनी हळूच म्हणाली, "हो. ते फक्त प्राणवायू आहे का, एवढंच बघतं. दुसरं काय आहे, ते मी विचारलंच नाही."

तीन दिवस पेव उघडं ठेवलं. लांबून नळी सोडून पंख्यानं हवा बाहेर ओढली. पुण्याहून वाफ मोजणारं दुसरं यंत्र आलं. चौथ्या दिवशी ते कंदिलाच्याच दोराला बांधलं गेलं. गाठ सोनाक्कांनी मारली, अवनीची गाठ त्यांना पसंत पडली नाही. यंत्र तळाला टेकलं आणि आकडा शून्यावर आला. बाबालाल तोंडावर नळीचा मुखवटा चढवून उतरला आणि एकोणचाळीस धडधाकट बॅटऱ्या वर आल्या. चाळिसावी मास्तरांची निघाली, कवच तडकलेली. मास्तर कबूल झाले, गाडीला मागून धक्का बसला होता, पण सांगितलं तर बॅटरी नाकारतील म्हणून ते बोलले नव्हते.

"मुलांना खरं बोला म्हणून शिकवत असशीला," एवढंच सोनाक्का त्यांना म्हणाल्या.

टॅक्सीवाल्याची बॅटरी जोडून बघितली. नवी होती तेव्हा जेवढी धावायची, जवळजवळ तेवढीच. तो लहान पोरासारखा हॉर्न वाजवत गेला. लगोलग गावातले आणखी तिघे आपापली बुजलेली पेवं उकरून देतो म्हणत आले.

दुपारी नवा माल भरायची वेळ झाली. ह्या खेपेला प्रत्येक बॅटरी आधी ठोकून, हुंगून, मोजून घेतलेली. यंत्र पुन्हा खाली गेलं, पुन्हा शून्य. बाबालालनं कंबरेचा दोर आवळला आणि इतकी वर्षं विचारत आला तेच विचारलं, "आक्का, जाऊ का?"

सोनाक्का वळचणीच्या खिळ्याला टांगलेल्या विझलेल्या कंदिलाकडे बघत राहिल्या. मग अवनीकडे.

"कंदिलानं एकच गोष्ट विचारली, हवा जिवंत हाय का. तुझ्या पहिल्या यंत्रानं बी तीच. आता हे दुसरी विचारतंय," त्या म्हणाल्या. "पोरी, ह्या पेवाला अजून काय विचारायचं ऱ्हायलंय?"