भिंतीवरचं दार

गोष्ट तशी साध्या कामाची आहे आणि घडलीही भरदिवसा, त्यामुळे यात घाबरण्यासारखं ते काय, असंच आधी वाटेल. एका घरातली चार दारं रंगवण्याआधी घासून तयार करायची होती, एवढंच. ते काम ज्याच्याकडे आलं, त्याला सगळे उस्ताद म्हणत. म्हणजे तोच तसं म्हणायला लावी. रंगाऱ्यांत आपल्या तोडीचा कोणी नाही आणि गिऱ्हाईक म्हणजे दोन पायांचं अज्ञान, अशी त्याची पक्की समजूत होती. त्या समजुतीखेरीज त्याच्यात पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं.

घरात माणसं दोनच, सासरे आणि सून. सासरे नुकतेच दवाखान्यातून आले होते, फुप्फुसांची पार चाळण झालेली. दारांचा जुना रंग पोपडे धरून सुटला होता. दार ढकललं की भुगा झडे आणि म्हातारा अर्धा अर्धा तास खोकत बसे. म्हणजे रंग काढायला तर हवा, पण धुळीचा कण उडता कामा नये. डॉक्टरांनी सुनेला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता एक मोठी उबळ आली, तर इथवर आणेपर्यंत ते राहतील याची खात्री नाही."

सून त्या दिवसापासून दारंही हळू लावत होती.

"कोरडा पॉलिश पेपर चालणार नाही, उस्ताद," तिनं बादली पुढे ठेवत सांगितलं. "आधी धुण्याच्या सोड्याचं पाणी, मग ओला वॉटर पेपर. जी राड निघेल ती वाळायच्या आत ओल्या फडक्यानं पुसायची. वाळली की तिची धूळच होते."

"ताई, मी दारं घासायला आलोय. तुम्ही त्यांची आंघोळ सांगताय."

"मग आंघोळ घाला. जमत नसेल तर दाखवते."

उस्ताद फिस्सकन हसला. चार बुकं शिकली की बाई रंगाऱ्यालाही कुंचला धरायला शिकवते, असं तो तिला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात पुटपुटला आणि कामाला लागला.

तीन दारं त्यानं ओली घासली, पण कशी? जणू प्रत्येक दारावर उपकार करत. कोपरांवरून दुधाळ राड ओघळत होती, पायाखालचं पोतं चिंब झालं होतं. दर दारानंतर सून एक काळं फडकं जमिनीवरून फिरवी आणि खिडकीच्या उजेडात धरून धुळीचा पांढरा कण दिसतो का ते बघे.

"सापडलं का सोनं?" तो विचारी.

"सापडलं असतं तर तुम्ही एव्हाना घरी असता."

आतून म्हाताऱ्याचा फाटका आवाज आला, "कोणाशी भांडतेस गं?"

"रंगारी आहेत, बाबा."

"त्यांना म्हणावं, जरा हात चालवा. दारं वाळेपर्यंत मला टिकायचंय." मग तो हसला, हसण्याचा खोकला झाला, आणि तो थांबेपर्यंत सून भिंतीला हात लावून उभी राहिली. उस्ताद तेवढ्यात कान कोरून घेत होता.

चौथं दार बोळाच्या टोकाला, म्हाताऱ्याच्या खोलीला लागून होतं. ते कुठेच उघडत नव्हतं. पूर्वी शेजारचं घर आणि हे एकच होतं. वाटण्या झाल्या तेव्हा मागून विटा रचून वाट बंद केली आणि दार चौकटीसकट तसंच ठेवलं. भिंतीवर तसबीर असावी तसं ते तिथे उभं होतं. कुलपाच्या जागी फक्त किल्लीचं भोक उरलं होतं.

दोनच्या सुमारास सुनेला औषधाच्या दुकानात जावं लागलं. "बाबांना आत्ता डोळा लागलाय. मी येईपर्यंत चौथ्याला हात लावू नका."

तिची पावलं जिन्यावरून उतरली आणि उस्तादनं बादली पायानं बाजूला सारली. खिशातून कोरडा पॉलिश पेपर काढला. तासाचं काम दहा मिनिटांत होत असेल, तर कोणाची फुप्फुसं सांभाळत बसायला तो काय नर्स होता?

खर्र... खर्र... खर्र...

पांढरा भुगा उन्हाच्या तिरिपेत उसळला. तो मजेत शीळ घालत होता. मग त्याचं लक्ष खाली गेलं. फरशी स्वच्छ होती. हातावर, पापण्यांवर काही नाही. त्यानं वर बघितलं. तिरिपेतली धूळ खाली पडतच नव्हती. मुंग्यांच्या रांगेसारखी ती सरकत होती, सावकाश, आणि किल्लीच्या भोकात शिरत होती.

"वारा," उस्ताद म्हणाला.

विटांच्या आत वारा कसला? त्यानं तार घेऊन भोकात घातली. बोटभर गेली आणि वीट लागली. टक्. त्यानं कान लावला. आत कोणीतरी श्वास घेत होतं... लांब... आणखी लांब... सोडत मात्र नव्हतं. बंद खोलीत फार दिवस पडून असलेल्या अंथरुणाचा वास त्याच्या नाकाशी आला.

एखादा भला माणूस इथे थांबला असता. उस्ताद घाबरला, नाही असं नाही, पण धूळ आपोआप जातेय तर आपलं काय जातंय, असा विचार त्यानं केला आणि उरलेलं दारही कोरडंच घासून काढलं.

सून आली. काळं फडकं फिरवलं, उजेडात धरलं. निर्मळ. आतून म्हाताऱ्याचा संथ, मोकळा श्वास ऐकू येत होता. महिनाभरात असा श्वास तिनं ऐकला नव्हता.

"चुकलं माझं, उस्ताद," ती म्हणाली. "उगाच तुमच्यावर संशय घेतला. आता एवढं भोक बुजवा, म्हणजे दार एकसारखं दिसेल."

त्यानं पुट्टीचा गोळा मळला आणि भोकात दाबला.

आतला श्वास थांबला.

"बाबा?... बाबा!" सून खोलीत धावली. भोकातली पुट्टी आतून ओढल्यासारखी खोल गेली, तिला खळगा पडला. उस्तादनं पटाशी खुपसली आणि गोळा उपसून काढला. खोलीत म्हाताऱ्यानं मोठ्यानं श्वास ओढला... मग दुसरा... मग तो शांत झाला.

सून डोळे पुसत बाहेर आली आणि तिला भोक दिसलं, ओरबाडलेल्या कडांचं.

"हे काय करून ठेवलंत?"

"ताई... ते बुजवू नका."

"का?"

आयुष्यात पहिल्यांदा उस्तादला खरं बोलावं लागत होतं आणि त्याची त्याला सवय नव्हती. "मी... हे दार कोरडं घासलं. सगळी धूळ आत गेली. आत कोणीतरी ओढून घेतंय... त्याचा श्वास बाबांच्या..."

सून त्याच्याकडे बघत राहिली. सकाळपासून तो जसा जगाकडे बघत होता, अगदी तशी.

"कोरडं घासलं, तर धूळ कुठेय? फडकं बघा. केलेल्या कामाचंही श्रेय घेता येत नाही तुम्हाला, आणि न जमलेल्यासाठी भुताखेताच्या गोष्टी! जा तुम्ही. सुपारीएवढं भोक बुजवायला उस्ताद लागत नाही."

"ताई, पाया पडतो..."

"आवाज हळू. बाबा झोपलेत."

तिनं पुट्टी अंगठ्यावर घेतली आणि भोकाशी नेली. अंगठा टेकलाच नाही. ओली, मऊ पुट्टी पाहता पाहता कोरडी पडली, तिला भेगा गेल्या, तिचा भुगा झाला. त्या भुग्याची बारीक पांढरी रेघ तिच्या अंगठ्यापासून निघाली आणि भोकात जाऊ लागली. खोलीत म्हाताऱ्यानं झोपेतच समाधानाचा सुस्कारा टाकला.

सून हलली नाही. तिला हात मागे घ्यायचा होता, पण तो येत नव्हता, हे उस्तादला तिच्या ताणलेल्या खांद्यावरून कळत होतं.

अंगठ्यावरची पुट्टी संपली. रेघ मात्र थांबली नाही.