गन डायोड आणि चोवीस लूम

१९८९ साली भिवंडीत लूम दोनच कारणांनी थांबत: शुक्रवार किंवा मयत. सुचेता दातारला ते मंगळवारी थांबवायचे होते आणि मरायला कोणी तयार नव्हतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेची मागची भिंत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याचीही भिंत होती. टेबलावर सुचेताचा एम.एस्सी.चा प्रकल्प: मिरीएवढा गन डायोड, पितळी भोंगा आणि स्पीकर. डायोड सूक्ष्मलहरी सोडायचा, समोर काही हललं की स्पीकर ‘घूंऽऽ’ करायचा. पण चोवीस लूमांनी भिंतच थरथरायची. यंत्र दिवसभर भिंतीवरच घुमत बसायचं.

महिन्यापूर्वी ती तावातावाने कारखान्यात शिरली होती. तेलाने माखलेला एक तरुण लूमखालून बाहेर आला. खारबावचा रघू, लूम दुरुस्त करणारा जॉबर.

“दहा मिनिटं बंद करा ना!” ती त्याच्या कानाशी ओरडली.

“मॅडम, हे लूम हाय, रेडिओ न्हाय,” तो तिच्या कानाशी ओरडला. कान मात्र त्याचाच लाल झाला.

मग दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रघू प्रयोगशाळेत यायचा. काम एकच: तिच्याकडे चालत येणं. वीसदा. विज्ञानासाठी.

“सावकाश या ना...” ती म्हणायची.

“जोरात आलो तं?”

“आवाज चढतो.”

“माझा पन चढतो...” तो पुटपुटायचा. पुढचं कधी बोलला नाही.

मंगळवारी परीक्षक आले. यंत्र भिंतीवर घुमू लागलं, परीक्षकांनी पेनाचं टोपण उघडलं... आणि चोवीस लूम एकदम गप्प!

खिडकीबाहेर कारागीर टोप्या सावरत जमले. “कौन गुज़र गया, रघूभाई?”

“कोई नहीं! मॅडम का इम्तिहान है!” म्हणत रघू आत आला. स्पीकर बोलला: घूंऽऽ. तो थांबला. शांतता.

“छान!” परीक्षक म्हणाले. “पण माणूस येतोय की जातोय, हे यंत्राला कळतं का?”

“नाही सर. दोन्हींना आवाज तोच.”

“मग ओळखायचं कसं?”

सुचेताने रघूकडे पाहिलं. “विचारावं लागतं... रघू, येताय की जाताय?”

या वेळी कानच नाही, तो सगळाच लाल झाला. “येतोय, सुचेता. महिनाभर येतोच हाय.”

“मग थांबलात का?”

घूंऽऽऽ!

इतक्यात शेजारच्या गल्लीतून कारखान्याचा मालक धापा टाकत आला, हातात झेंडूचा हार. “कोण गेलं रे?”

“कोणी न्हाय, मालक,” रघू म्हणाला. “पन आनलाच हाय तं हार द्या.”

परीक्षकांनी पैकीच्या पैकी गुण दिले. हार सुचेताने स्वतःच मान वाकवून रघूच्या हातून घालून घेतला, आणि बाहेर कारागिरांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की भिंत पुन्हा थरथरली.