शेपटीवाला ऊ

तो मला पहिल्यांदा दिसला तेव्हा आमच्या हिरवळीवर गुडघे टेकून जमिनीत स्क्रूड्रायव्हर खुपसत होता. तो बोटभरही आत जात नव्हता. मी ऑफिसला निघालेली, हातात डबा… फाटकाशीच थबकले.

"श्वास कोंडलाय," तो वर न बघताच म्हणाला.

"कुणाचा?"

मग त्यानं मान वर केली. जरा जास्तच वेळ पाहिलं. "हिरवळीचा," तो म्हणाला, "सध्या तरी."

त्या दिवशी माझी बस चुकली.

चूक तशी अण्णांची. अण्णा म्हणजे माझे वडील, छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. आई गेल्यावर त्यांनी सगळा जीव त्या टीचभर लॉनला लावला होता. गवत पिवळं पडायला लागलं, तशी मातीत हवा जावी म्हणून ते खिळे ठोकलेल्या चपला घालून महिनाभर त्यावर येरझारा घालत होते.

"काका, खिळ्यांनी माती उलट दाबली गेली," रोपवाटिकेतून आलेल्या त्या माणसानं सांगितलं. "भोक पाडायचं तर आतली माती बाहेर काढावी लागते." अण्णांनी मुकाट्यानं चपला माळ्यावर टाकल्या आणि त्याचं नाव ठेवलं, गवताचे डॉक्टर.

डॉक्टरांकडे पोकळ दातांचा एक जड काटा होता. पाय देऊन रोवला आणि उपसला, की मातीच्या बोटाएवढ्या कांड्या बाहेर पडायच्या. संध्याकाळपर्यंत सगळीकडे त्याच. मला तो पसारा बघवेना. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून सकाळी लवकर उठून मी साऱ्या कांड्या झाडल्या, दोन बादल्या भरल्या आणि शाबासकीची वाट बघत बसले.

तो आला आणि बादल्यांकडे बघतच राहिला. "अहो, हे काय केलंत?"

"साफसफाई."

"पेशंटच्या पुढचं ताट उचललंत! ही माती इथेच विरघळायला हवी."

मग दुपारभर आम्ही दोघं कांड्या हातानं चुरून पुन्हा पसरत बसलो. पसरता पसरता मी त्याला काय काय सांगून बसले… तीन स्थळं नाकारली तेही. मी गेले तर अण्णांचं कोण बघणार?

"अण्णांना विचारलंत?" तो म्हणाला.

"असं कुणी विचारतं का?"

बादलीत माती थोडीच उरली होती आणि हात चार होते. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली. मी हात काढून घेतला नाही, आणि त्यानंही नाही.

शेवटच्या दिवशी "एक कोपरा राहिलाय" म्हणत त्यानं पुन्हा काटा चालवला, बी टाकलं, पाणी दिलं. एक तारखेला तो दुसऱ्या गावच्या मोठ्या बागेत नोकरीला लागणार होता. निघताना बियांच्या रिकाम्या पाकिटावर नंबर लिहून दिला.

"गवतानं त्रास दिला तर फोन करा."

"आणि नाही दिला तर?"

"तरी…" एवढंच बोलला आणि गेला. पाकीट पर्समध्ये राहिलं, आणि मी रोज स्वतःवरच चिडत राहिले.

त्याच सुमारास अण्णांना अचानक घरकामाचा उत्साह आला. गच्चीवर कपडे वाळत घालायला मला जाऊच देईनात. "तू दमतेस," म्हणे! आठ-दहा दिवस हे चाललं. मग एका सकाळी पिळलेल्या चादरी माझ्या हातात देऊन ते पेपर वाचायला बसले. "आज तू घाल."

वर गेले, चादर दोरीवर टाकली, सहज खाली पाहिलं… आणि कठड्याला धरून उभी राहिले.

कोपऱ्यात त्यानं भोकं दाट पाडली होती, बी मूठभर जास्त टाकलं होतं. पिवळट गवतात हिरवीगार अक्षरं उगवली होती… येऊ?

नीट पाहिलं तर ऊ-ची शेपटी तेवढी वेगळी होती. फिकी, कोवळी, नुकतीच उगवलेली. तिची भोकंही बारीक होती, स्क्रूड्रायव्हरनं पाडलेली.

मी जिना उतरून धावत खाली आले. "अण्णा, ती शेपटी…"

"ह्रस्व काढला होता गाढवानं," पेपरमागून आवाज आला. "आयुष्याचा प्रश्न विचारायचा आणि तोही अशुद्ध? मला राहवेना."

"पण तुम्ही एकटे…"

त्यांनी पेपर खाली केला. डोळे भरलेले होते, आवाज मात्र खणखणीत. "मला लॉन आहे. आणि माझा श्वास कोंडलाय असं तुला कुणी सांगितलं? उत्तर काय कळवतेस ते बोल. 'या' की 'ये'?"

पाकीट हातात घेऊन मी नंबर फिरवला. "हॅलो?" तो म्हणाला. अहो-जाहो तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

"ये," मी म्हणाले.

याला आता एकतीस वर्षं झाली. अण्णा नाहीत, लॉन आहे. दर वर्षी तो काट्यानं भोकं पाडतो आणि त्याच कोपऱ्यात तोच प्रश्न पेरतो… अजूनही ह्रस्वच. मुद्दाम करतो, मला माहीत आहे. दहा दिवसांनी मी अण्णांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरते आणि शेपटी लावते.