भर उन्हात हीटर

वळणावरची ती भली मोठी छत्री तिला दिसली, तेव्हा गाडीच्या बॉनेटमधून भसाभस वाफ निघत होती. आणि छत्रीखालचा माणूस आपली दुर्बीण सोडून तिच्याकडेच बघत होता.

तो रस्ता मोजणारा. घाट रुंद करायचा होता, म्हणून तिपाई मांडून एकेक वळण मोजत बसलेला. ती मधवाली. ट्रकमागच्या ट्रेलरवर मधमाश्यांच्या पेट्या रचून, माथ्यावर फुललेल्या सूर्यफुलांकडे निघालेली. दरवर्षी शेजारच्या सीटवर बाबा असायचे. यंदा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. निघताना ते म्हणाले होते, "एकटीला झेपलं नाही, तर पेट्या काकाला देऊन टाकू." माश्यांच्या गुणगुणीत ती लहानाची मोठी झाली होती... ती गुणगुणच काकाच्या अंगणात गेली, तर हिने कान कुठे लावायचे?

तो धावत आला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागला. तिने चापटच मारली.

"हात सोलून निघेल."

"मदत करत होतो."

"मदतच करायची, तर ती छत्री द्या. माझ्या माश्यांना ऊन लागतंय."

"आणि माझ्या दुर्बिणीला?"

"दुर्बीण मरत नाही उन्हानं."

तो हसला. निमूटपणे दुर्बीण पेटीत घातली, छत्री उचलून आणली आणि पेट्यांवर धरून उभा राहिला — जमेल तितका लांब, हात ताणून.

"एवढं घाबरताय?"

"घाबरत नाही. ओळख व्हायची आहे अजून..." असं म्हणाला, पण बघत होता तिच्याकडे. ती उगाचच पेट्यांवर टाकायचं गोणपाट भिजवू लागली.

इंजिन निवल्यावर तिने त्याच्याच कॅनमधलं पाणी सावकाश ओतलं. तो वाकून गाडीचं तोंड न्याहाळत होता.

"ही बारीक जाळी कशासाठी लावलीय?"

"सुटलेल्या माश्या रेडिएटरमध्ये अडकून मरतात. म्हणून काल शिवली..." बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. तिने जीभ चावली. आत वाराच जात नव्हता. माश्यांची दया आली आणि गाडीचा जीव घुसमटला.

दुसरा कोणी असता तर खो खो हसला असता. याने जाळी हलक्या हाताने सोडवली, झटकली, नीट घडी करून तिच्या हातात दिली. त्या घडीपाशी तिचं काहीतरी हललं, हे मान्य करायलाच हवं.

"चढ अजून बराच आहे," ती म्हणाली. "काचा उघड्या ठेवून हीटर पूर्ण सोडावा लागेल. म्हणजे इंजिनाची उष्णता आत येते, इंजिन तापत नाही."

"भर उन्हात हीटर?"

"हो. आणि तापमानाचा काटा बाबांनी त्यांच्या बाजूला बसवलाय. मी वळणं बघू की काटा?"

त्याचा तंबू माथ्यावरच होता. तो तिपाईसकट चढून बसला.

मग ट्रक हळूहळू चढू लागला. पायांशी हीटरची झळ, खिडकीतून रानाचा वास, मागून पेट्यांची गुणगुण. सगळं कसं झोपेतल्यासारखं... त्याच्या कानामागून घामाचा थेंब ओघळला, तो तिने पाहिला. तिने पाहिल्याचं त्याने पाहिलं.

"काटा?"

"वरच आहे अजून."

पुढचं वळण. "आता?"

"वरच. हीटर राहू द्या."

माथा आला. वाऱ्याबरोबर पिवळंधमक शेत अंगावर आलं. तिने गाडी थांबवली, वाकून काट्याकडे पाहिलं. काटा अगदी खाली, शहाण्यासारखा बसला होता.

"कधी उतरला हा?"

"बराच वेळ झाला..." त्याने रुमालाने मान पुसली. "सांगितलं असतं तर तुम्ही हीटर बंद केला असता. आणि मग काटा बघायला माणूस कशाला हवा? मला उतरायचंच नव्हतं."

तिने रागवायला तोंड उघडलं. पण खोटं तरी किती बोलायचं?

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "इंजिनाचा आवाज कळतो मला."

"मग... हीटर?"

"मलाही नव्हतं उतरवायचं."

दोघंही घामाने निथळत, एकमेकांकडे बघत बसले. मागे माश्या गुणगुणत होत्या, सगळ्या जिवंत, आणि तिचा फोन वाजत होता.

"पोचलीस?" बाबांनी विचारलं.

"पोचले. पेट्या सुखरूप आहेत."

"आणि काटा कुणी बघितला?"

तिने शेजारी पाहिलं. "आहेत एक जण."

"बरं. पेट्या काही देत नाही मी काकाला," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

तो तिपाई घेऊन उतरला. दारावर हात ठेवून उभाच राहिला. "परत जाताना सगळा उतारच. तेव्हा गाडी तापणार नाही..."

"गाडी नाही," ती म्हणाली, "पण उतारावर ब्रेक तापतात. फुलं संपली की याच वाटेनं येईन. थांबशील ना?"