पंचवीस सेंटीमीटर

हे घडलंय. रुमेना आजही त्याच घरात राहते.

सप्टेंबर २००९. बल्गेरियातलं स्मोल्यान, त्याच्या वरचं डोंगरातलं गाव. भर दुपार.

घर नवं बांधायला घेतलेलं. वाद एकाच भिंतीचा होता. रुमेना-नेदकोची खोली आणि सासूची, म्हणजे स्तानाची, यांच्या मधली.

नेदकोचं म्हणणं, बारा सेंटीमीटर पुरे. आईने हाक मारली तर ऐकू यायला हवी.

रुमेनाला नेमकं तेच नको होतं. सहा वर्षं ती सासूचा खोकला उशाशी घेऊन झोपली होती.

नेदको कामावर गेल्यावर तिने यांको गवंड्याला हळूच सांगितलं. पंचवीसची कर. प्लास्टर झाल्यावर कोण मोजतंय?

यांको हसला.

"सूनबाई, सासू गप्प करायला विटा नाही पुरत."

मग म्हणाला, "दोन थरांत पोकळी राहते. ती रिकामी ठेवायची नसते."

स्ताना अंगणात ऊन खात बसली होती. यांकोने तिच्या सावलीवर दोरा धरला. माप घेतलं. दोरा गुंडाळला. खिशात टाकला.

सावलीचं माप भिंतीत गेलं, की ते माणूस त्या घरात चाळीस दिवस काढत नाही. गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

रुमेनाने सगळं पाहिलं...

आणि कॉफी ठेवायला आत गेली.

नव्या घरात राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी खोकला.

अगदी कानाशी.

ती तणतणत सासूच्या खोलीत गेली. स्ताना खोकत होती. खांदे गदगदत होते. डोळ्यांत पाणी...

आवाज नव्हता.

आवाज भिंतीतून येत होता.

दोरा काढायला भिंत फोडायची, तर नेदकोला सांगावं लागणार. ती जाड कुणी करवली, तेही. रुमेना रोज ठरवायची, आज सांगते.

एकोणचाळीस दिवस ठरवलं.

चाळिसाव्या सकाळी स्ताना गेली.

खोकला गेला नाही.

नेदकोने खाट भिंतीला लावलीय. कान टेकवून पडून राहतो. जेवायलाही उठवावं लागतं.

परवा त्याने बायकोला जवळ बोलावलं.

"आई बोलायला लागलीय गं. तुझ्याबद्दल काहीतरी सांगते."

रुमेना दारातच थांबली.

"अजून नीट कळत नाही," तो म्हणाला. "पण रोज एकेक शब्द लागतोय..."