नानांची पाटी आणि रविवारचे पोहे

माणसं लग्नात भेटतात, जत्रेत भेटतात. वृंदा आणि जगन भेटले पेणच्या एसटी स्टँडसमोर, पंक्चरच्या घमेल्याशेजारी... आणि तेही नानांच्या वॉकरपायी! पस्तीस वर्षं होत आली, पण आठवलं की वृंदाला अजून हसू फुटतं.

नाना म्हणजे तिचे वडील, रोह्याचे रघुनाथ मास्तर. अर्धांगाच्या झटक्यातून हातपाय सावरले, पण त्यांची वाचा गेली. जन्मभर वर्ग गाजवलेला माणूस चार महिने गप्प! वृंदानं त्यांच्यासाठी एक पाटी रंगवली होती. वर 'पाणी', 'चहा', 'पोहे', 'हो', 'नको', खाली मुळाक्षरं. पण दोन्ही हात वॉकरला, मग पाटी धरायची कशी? पेणच्या डॉक्टरांकडून परतताना तिनं सायकलवाल्या जगनला विचारलं, ही वॉकरवर बसेल का?

"बसंल की," तो खाली बघत म्हणाला. मग वर बघितलं... आणि बघतच राहिला.

लेडीज सायकलला टोपली लावतात तशी त्यानं पाटी पुढे काढून बसवली, चांगल्या जाड लोखंडी पट्ट्यांवर. दिसायला झकास. दुसऱ्या दिवशी नानांनी वॉकर उचलला मात्र, तो पुढे कलंडला. वृंदानं धरलं म्हणून निभावलं.

तिनं फोनवरून त्याची अशी खरडपट्टी काढली की रविवारी तो हत्यारं घेऊन रोह्याला हजर. वाद घातला नाही. स्वतः वॉकर धरून ओटीभर चालून पाहिला.

"चुकलो मी. वजन चार पायांच्या आत पायजे," तो म्हणाला. लोखंड काढून हलकी फळी लावली, हातांच्या मधोमध. पाइपला भोक पाडलं नाही, पाइप कच्चा होतो म्हणून. ट्यूबचे तुकडे गुंडाळून वर पकडी आवळल्या.

त्यानंतर तो दर रविवारी यायला लागला. नट आवळायला!

"इतके ढिले होतात?" वृंदानं पाना पुढे करत विचारलं.

"रोह्याची हवाच तशी हाय."

"आणि पेणची?"

"पेणला... तुमी कुठं हाव?"

तिच्या हातून पाना पडला.

पण इकडे मामांनी ठाण्याचं स्थळ जवळजवळ ठरवलं होतं. नानांनी 'हो' म्हणायची खोटी. वृंदाचा जीव टांगणीला लागला. त्या रविवारी जगनही पिशवी आवरत म्हणाला, आता काम पक्कं झालंय, पुन्हा यायला नको. मिठागरावर राबणाऱ्याच्या पोरानं मास्तरांच्या ओटीवर किती दिवस बसायचं?

नाना वॉकर टेकत पुढे आले. एकेक अक्षर दाखवू लागले. वृंदा वाचत गेली, "नट... पहिल्यापासून... घट्ट." पुढचं तिला वाचवेना. ते जगननंच वाचलं, "मग का येतोस?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. "वृंदासाठी, गुरुजी."

नानांचं बोट 'नको'कडे सरकलं. वृंदानं डोळे मिटले. उघडले तेव्हा बोट 'पोहे'वर होतं.

"नाना, सकाळीच तर खाल्लेत..."

नानांनी मान हलवली आणि जगनकडे बोट केलं. त्या घरात पाव्हण्याला पोहे कधी करतात, हे वृंदाला का ठाऊक नव्हतं? मुलगी बघायला आला की! कांदा चिरताना ती पोटभर रडली आणि खापर कांद्यावर फोडलं.

नाना जाऊन वीस वर्षं झाली. पाटी आता स्वयंपाकघरात आहे. रविवारी जगन तोंडानं काही मागत नाही. नुसतं बोट ठेवतो.