नाहीदच्या गाडीतली वीज

"माझ्या गाडीतून कोणीतरी वीज चोरून राह्यलं," खुर्चीवर टेकण्याआधीच नाहीद म्हणाली.

संघपालच्या हातातला कप ओठांपाशीच थांबला. पेट्रोल चोरतात, टायर चोरतात. पण वीज?

जटपुरा गेटाजवळच्या त्या अरुंद कचेरीत रुखसार खासगी तपासाची कामं घेत असे. पूर्वी ती विमा कंपनीसाठी जळालेली दुकानं आणि ठोकलेल्या गाड्या तपासायची. संघपाल तिचा जोडीदार. गाडी चालवणं, फोटो काढणं, माणसांना बोलतं करणं त्याच्याकडे होतं. डोकं चालवायचं काम मॅडमचं. एकदा तरी मॅडमच्या आधी आपल्याला उत्तर सुचावं, ही त्याची जुनी इच्छा होती.

"बसा आधी," रुखसार म्हणाली. "गाडी कुठं आहे?"

"खाली, चार्जिंगले लावून आली. आरमोरीहून आली ना मी."

आरमोरी ते चंद्रपूर, भर वैशाखात, बॅटरीच्या गाडीनं. संघपालनं मनातल्या मनात सलाम ठोकला.

नाहीदचा नवरा हैदराबादला नोकरीला होता. घरी ती आणि सासरे वहाबचाचा. हातात काहीतरी स्वतःचं असावं म्हणून तिनं इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि आरमोरीच्या आसपासच्या किडनीच्या पेशंटांना डायलिसिससाठी गडचिरोलीला नेऊ-आणू लागली. बसमध्ये उभं राहायची ताकद नसलेली माणसं ती. नाहीदची गाडी न हादरता, न धूर सोडता त्यांना दारातून उचलायची आणि दारात सोडायची.

"घेतली तवा सारी गल्ली हसली. जंगलात बंद पडली तर वाघाले धक्का माराले सांगशील काय, म्हणत. तवा आमच्याकडं चार्जर कुठी होता? आता गडचिरोलीत झाला, मूल गावात झाला. आमचा फोनवर ग्रुप हाय. कोणता चार्जर बंद हाय, ते चामोर्शीचा माणूस आमाले निघायच्या आधी सांगते. गावातला आरिफ तर अशा गाड्यांची दुरुस्ती खास शिकून आला. गाडी कधी दगा देत नोती. पण आता…"

तिनं फोन पुढे केला.

"पाव चार्जिंग उरलं असताना संध्याकाळी केबल लावतो. सकाळी गाडी भरलेली पायजे. पण एखाद्या सकाळी पाहतो तर पावाच्याही खाली! केबल लागलेलीच. रोज नाई होत, मधूनच होते. मागच्या खेपेले माह्या एका पेशंटची, पत्रूभाऊची, डायलिसिसची पाळी हुकता हुकता राह्यली. अंगावर सूज, दम लागलेला. शेवटी अल्ताफच्या डिझेल गाडीनं उशिरा पोचला. माणूस मरता मरता वाचला, बाई."

तिनं ओढणीनं कपाळ पुसलं. "गाडीतच खोट असेल तर मी विकून टाकतो. पण कोणी मुद्दाम करत असेल, तर मले त्याचं नाव पायजे."

"लाईन गेली असेल रात्री," संघपाल म्हणाला.

"नाई. पंखा रातभर चालू होता. अन् लाईन गेली तर चार्जिंग वाढणार नाई. कमी कसं होईल?"

रुखसार फोटो पाहत होती. त्याच वाईट सकाळी काढलेला. गाडीच्या नाकाशी लावलेली केबल, आणि उरलेली केबल जमिनीवर नीट गुंडाळून ठेवलेली, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी.

"केबल तुम्हीच गुंडाळता?"

"हो. गोल करून खिळ्याले टांगतो."

"घरी कोणाला सांगितलंत हे?"

"आरिफले सांगतलं. चाचांना नाई. दीड वर्षापासून ते माह्या गाडीले खेळणं म्हणतात. सांगतलं तर म्हणतील, मी म्हणलोच होतो. पत्रूभाऊचंही नाई सांगतलं."

"उद्या येतो आम्ही," रुखसार म्हणाली.

आरमोरीत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. रस्त्याची तांबडी धूळ गाडीच्या काचेवर पसरली होती. वाटेत तेंदूपत्त्याचे पुडे वाळत घातलेले होते.

नाहीदच्या घराला भक्कम फाटक होतं. बैठकीच्या भिंतीवर 'वहाब साऊंड आणि लायटिंग' अशी जुनी पाटी होती. त्याखाली पांढऱ्या दाढीचे वहाबचाचा वाकून इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी ओतत होते. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"आले काय खेळण्याचे डॉक्टर?" ते मान न वळवता म्हणाले. "म्हणा तिले, डिझेल घे. माह्या जनरेटरनं शेकडो लग्नं उजळली. एकदा तरी बंद पडला काय?"

तो जनरेटर अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत होता. त्यावर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती. बाजूच्या खुंट्यांवर लाउडस्पीकरच्या जुन्या वायरी टांगलेल्या, एकूण एक आठच्या आकड्यात गुंडाळलेल्या. संघपालनं सवयीनं सगळ्याचे फोटो काढले.

रुखसारनं गाडीची डिक्की उघडायला लावली. जॅक, दोरी, पाण्याचा कॅन, सगळ्यांवर तांबड्या धुळीचा थर. कोपऱ्यात एक काळी पिशवी तेवढी स्वच्छ होती.

"हे काय?"

"गाडीसंगंच आलं होतं. मी कधी उघडलं नाई," नाहीद म्हणाली.

"चावी कुठे असते?"

"दाराजवळच्या खिळ्याले."

तेवढ्यात आरिफ आला. तिशीचा, हातात लॅपटॉप. गावात लोक त्यालाही हसायचे, आता तालुक्याबाहेरून गाड्या येत होत्या.

"बॅटरी ठणठणीत हाय, मॅडम. एकेक सेल तपासला. मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरले रिपोर्ट पाठवला, ते पण तेच म्हणतात."

"बाहेरून येऊन कोणी केबल काढू शकतो?"

"नाई. गाडी लॉक असली तर केबल सुटतच नाई." तो गाडीच्या नाकावर प्रेमानं थाप मारत म्हणाला, "हुशार जनावर हाय हे. घेतली त्या दिवशी मी हिच्याच बॅटरीवर विजेची किटली लावली अन् साऱ्या गल्लीले चहा पाजला. वहाबचाचांनी तेवढा पेला परत केला."

"मला कळलं!" अंगणाबाहेर येताच संघपाल कुजबुजला. "अल्ताफ. त्याची गिऱ्हाइकं हिनं पळवली. दुसरा कोण असणार?"

"चल, विचारू," रुखसार म्हणाली.

अल्ताफ चौकात आपल्या व्हॅनला टेकून उभा होता. प्रश्न ऐकून तो चिडला नाही.

"माहे पेशंट गेले, खरं हाय. पहिले राग आला होता. पण म्हातारी माणसं तिच्या गाडीतून हसत उतरतात, माह्या गाडीतून कण्हत उतरत. मी काय आंधळा हाय? आता मी लग्नाच्या वराती नेतो. त्या दिवशी पत्रूले नेलं, तवा पैसे नाई घेतले मी."

"त्या पहाटे तू नाहीदच्या फाटकावरून गेलास का?" संघपालनं विचारलं.

"फजरच्या नमाजले जाऊन राह्यलो होतो. मशिदीचा रस्ता तोच हाय. अंधार होता, साऱ्या गल्लीत लाईन नोती. मोबाइलच्या उजेडात चाललो."

संघपालचा चेहरा पडला. त्याला अल्ताफ खरा वाटत होता, आणि दुसरं नाव त्याच्याकडे नव्हतं.

परतताना रुखसार नाहीदच्या शेजारच्या घरात शिरली. ते डोमाचं घर. तलावात जाळं टाकण्यात त्याचा जन्म गेला होता. आता फुप्फुसं थकली होती. तो बाजेवर पडलेला, नाकात नळी, उशाशी हवेतून प्राणवायू गाळणारं यंत्र घरघरत होतं. त्याची बायको देवकाबाई मासळी साफ करत बसली होती.

"लाईन लय जाते काय, देवकाबाई?" संघपालनं पाणी पिता पिता विचारलं.

"विचारू नको, बापा. मागं तर झोपल्यापासून तांबडं फुटेपर्यंत नोती. पेटीतला सारा बर्फ पाणी झाला, अन् मासळी फेकावी लागली."

डोमानं बायकोकडे पाहिलं. ती एकदम गप्प झाली आणि विळीवर मान खाली घातली.

रुखसारनं खोलीभर नजर फिरवली. सिलिंडर नव्हता. इन्व्हर्टर नव्हता. ती डोमाला म्हणाली, "जपा, काका," आणि बाहेर पडली.

"संघपाल, सगळ्यांना नाहीदच्या अंगणात बोलव. या दोघांनाही. काकांना बाजेसकट आण, यंत्राची वायर पुरेल."

"वायर? कुठली वायर?"

"भिंतीवरून येईल तेवढी."

उन्हं कलली तेव्हा कडुनिंबाखाली सगळे जमले. डोमाची बाज आरिफ आणि अल्ताफनं उचलून आणली. वहाबचाचा जरा दूर, पत्र्याच्या खोलीला पाठ लावून उभे होते.

"नाहीद म्हणाली ते खरं आहे," रुखसारनं सुरुवात केली. "गाडीत खोट नाही. वीज बाहेर काढली गेली."

"पण कशी?" नाहीद पुढे झाली.

"आरिफनं चहा केला तशी. तुमच्या डिक्कीतली काळी पिशवी कधीच उघडली नाही म्हणता, पण डिक्कीत तेवढ्याच एका वस्तूवर धूळ नाही. त्यात गाडीतून वीज बाहेर घ्यायचा जोड आहे. तो चार्जिंगच्याच तोंडाला लागतो. म्हणजे आधी केबल काढावी लागते, काम झालं की परत लावावी लागते. म्हणून सकाळी केबल जागच्या जागी आणि बॅटरी उतरलेली."

"हो की!" आरिफनं कपाळावर हात मारला. "मले कसं नाई सुचलं?"

"केबल सोडायला गाडी उघडावी लागते, आणि चावी घरात असते. त्यामुळे अल्ताफ सुटला, गल्लीतला प्रत्येक माणूस सुटला. आता हे मधूनच का होतं? नाहीद म्हणते, वीज गेली नव्हती, पंखा चालू होता. पंखा चालू होता इन्व्हर्टरवर. अल्ताफ त्याच पहाटे अंधारात चालला होता. देवकाबाईंचा बर्फ वितळला. पत्रूभाऊंची पाळी चुकायची वेळ आली ती रात्र आणि ही रात्र एकच. गल्लीत अंधार असतो त्याच रात्री गाडी रिकामी होते."

संघपालच्या डोक्यात काहीतरी लख्खकन हललं. तो बाजेकडे वळला.

"रातभर लाईन नव्हती," तो सावकाश म्हणाला, "तर डोमाकाकांचं यंत्र कशावर चाललं?"

रुखसारनं त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच पुढचं वाक्य त्याच्यासाठी सोडलं.

"गाडीवर," संघपाल म्हणाला. "आणि केबल… केबल आठच्या आकड्यात गुंडाळलेली होती. त्या खोलीतल्या लाउडस्पीकरच्या वायरींसारखी."

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

वहाबचाचांनी दाढीवरून हात फिरवला. "हात ऐकत नाई," ते म्हणाले. "चाळीस वर्षं तशीच वायर गुंडाळली."

"चाचा?" नाहीद म्हणाली.

"घरचा इन्व्हर्टर त्या मशीनले पुरत नाई, म्हणून पहिल्या राती जनरेटर काढला होता. त्याच्या धुरानं डोमाचा श्वास अजूनच कोंडला. निळा पडला होता तो. ज्या डिझेलची मी सारी जिंदगी तारीफ केली, तेच माह्या दोस्ताचा गळा दाबून राह्यलं होतं. मंग आरिफची किटली आठवली. चावी घेतली, भिंतीवरून वायर टाकली. रातभर वाट पाहिली, आता बंद पडते, मंग बंद पडते. नाई पडली. आवाज नाई, धूर नाई. डोमा लेकरासारखा झोपला."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"कोणत्या तोंडानं? साऱ्या गल्लीसमोर हसलो मी तुह्या गाडीले. डोमाले अन् देवकाले पण शपथ घातली. वाटलं, पहाटे केबल लावून देतो, भरून जात असेल. तू कधी काही बोलली नाई."

"तुमी हसाल म्हणून नाई बोलली."

"तेवढ्या वेळात ती भरत नाही, चाचा," रुखसार म्हणाली. आवाज मऊ होता, पण तिनं काही लपवलं नाही. "एका सकाळी पत्रूभाऊ त्यामुळे अडकले. जिवावर बेतलं होतं."

म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला. त्यांना हे ठाऊकच नव्हतं. ते मटकन खाली बसले.

बाजेवरून डोमाचा बारीक आवाज आला. "माह्यासाठी झालं ते, पोरी. त्याले काई म्हणू नको."

नाहीद पुढे आली. सासऱ्यांसमोर बसली. ती रडत होती की हसत होती, ते संघपालला कळलं नाही. "मी गाडी विकाले निघाली होती, चाचा. अन् ती इथी माणूस जगवत होती!"

आरिफ घसा खाकरून म्हणाला, "डोमाकाकांच्या मशीनले मी येगळी बॅटरी बसवून देतो. तोवर गाडीत मर्यादा टाकून ठेवू. इतक्या चार्जिंगच्या खाली ती बाहेर वीज देतच नाई. पेशंटचं पेशंटले, काकांचं काकांले."

"हे पण होते तिच्यात?" वहाबचाचांनी विचारलं.

"होते, चाचा."

वहाबचाचांनी टोपी नीट केली. "नाहीद, मले पत्रूकडं ने."

पत्रूचं गाव चंद्रपूरच्या रस्त्यालाच होतं, म्हणून रुखसार आणि संघपाल मागोमाग निघाले. पत्रू दारातल्या बाजेवर बसला होता, हाडकुळा, डोळे मात्र जिवंत. वहाबचाचांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. मध्ये थांबले नाहीत, स्वतःला सोडवून घेतलं नाही. शेवटी हात जोडले.

पत्रूनं मान वर केली.

"डोमा जिता हाय ना?"

"हाय."

"आमी दोघं एका तलावात पवाले शिकलो," पत्रू म्हणाला. मग बाजेवर सरकून त्यानं बाजूला जागा केली. "बस गा, वहाब. उभा काऊन?"